वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते. ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व तो बरोबर आहे.’ तिच्याखाली सही, नाहीतर अंगठा. पनवेलच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून मी ही ओळ तीस वर्षांच्या वर टाइप केली. झोपेत कुणी माझी बोटं उचलून यंत्रावर ठेवली तरी तीच उमटेल. आणि याच ओळीपायी मी एकदा एका बाईला खोटं पाडलं होतं. ते सांगायचंय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे आमच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा तुम्हीही जरा सांभाळून घ्या.

मी सातवी शिकलेली. टायपिंगच्या क्लासची पायरी कधी चढले नाही. आमचे हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर वजनकाट्यावर कारकून होते. पेढीने जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा मराठी टाइपरायटर हे रिक्षात घालून घरी घेऊन आले. का आणला, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, “फेकून देत होते, बरं नाही वाटलं.” सहा महिने त्याच्यावर मी पापड वाळत घालायच्या चादरीची घडी ठेवत होते. मग एकदा रेशनकार्डाचा अर्ज टाइप करून आणायला कोर्टापाशी गेले. तिथला माणूस दोन बोटांनी टकटक करत होता आणि लोक त्याला साहेब म्हणत होते. घरी आले आणि घडी उचलली. दुपारी भांडी झाली की बसायची. समोर कुठलाही सरकारी कागद ठेवायची, लाइटबिलाची नोटीससुद्धा, आणि तशीच्या तशी उतरवायची. त्यामुळे माझी भाषा सुरुवातीपासूनच नोटिशीची झाली. घरात मी यांना एकदा म्हटलं होतं, “सदर भाजी आपण का टाकली?”

शेडमध्ये तेव्हा सहा यंत्रं होती. पाच पुरुषांची आणि एक माझं. सहाही एकदम चालू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. तो आवाज मला अजून कानात येतो. आता तिथे प्रिंटर आहेत, ते नुसते कण्हतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टायपिस्ट म्हणजे सांगितलेलं उतरवणारा. तसं नसतं. माणूस येतो तो रागावलेला नाहीतर रडवेला असतो. तो सुरुवात आजोबांपासून करतो. आपण त्यातून कोण, कुठे, कधी, काय, एवढं उचलायचं आणि कुणाकडे पाठवायचं ते त्याला विचारायचं. वकील असेल तर वकील सांगतो, नसेल तर मीच सांगायची. दाद मागायची एक शिडी असते. आधी पोलीस ठाणं. तिथे घेतलं नाही तर त्यांच्या वरचे साहेब. त्यांनीही नाही ऐकलं तर मॅजिस्ट्रेट, ते पोलिसांना तपास करा म्हणून हुकूम देऊ शकतात. आणि सरकारनेच हक्क मोडला, किंवा मोडताना बघत बसलं, तर थेट हायकोर्ट. घटनेतच तशी सोय आहे. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. वकिलांचे अर्ज टाइप करता करता कार्बनसारखं अंगाला लागलं.

आणि प्रत्येकाला मी एक सांगायची: पोच घ्या. आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता. आमचे एक गिऱ्हाईक होते, निवृत्त मास्तर. त्यांच्या गावचा एस.टी.चा थांबा हलवला म्हणून ते दर महिन्याला राष्ट्रपतींना अर्ज करायचे. आम्ही त्यांना राष्ट्रपतीवाले आजोबाच म्हणायचो. मी एकदा म्हटलं, आजोबा, डेपो मॅनेजरला लिहूया का? तर म्हणाले, “त्याला मी ओळखतो. तो वाचणार नाही.” राष्ट्रपती भवनातून पोच आली की ती फाइलला लावून शेडभर दाखवायचे. थांबा काही परत आला नाही. पण मी त्यांचा एकही अर्ज त्यांना वाचून दाखवल्याशिवाय दिला नाही, आणि ते दर वेळी एक स्वल्पविराम बदलायचे, म्हणजे मला पूर्ण पान पुन्हा. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, ती चांगली सवय होती.

सवय मोडली ती कॉम्प्युटरने. मुलाने घेऊन दिला. त्यात एक भारी सोय, की एकदा टाइप केलेलं जपून ठेवता येतं. नाव बदला, गाव बदला, प्रिंट काढा. मी फायली केल्या. उत्पन्नाचा दाखला, नावात बदल, हरवलेली गुणपत्रिका. एकीचं नाव मी ‘अन्याय’ ठेवलं होतं. नवीन पनवेलच्या एका सोसायटीने एका भाडेकरू कुटुंबाशी बोलणंचालणं बंद करून त्यांचं पाणी तोडलं होतं. तो अर्ज मी फार छान केला होता, वकिलांनीही वाखाणला होता. म्हणून जपून ठेवला. पुढे कुणावर असा जुलूम झाला की तोच काढायची.

जयवंतीबाय आली ती जूनमध्ये. पन्नाशीची, उरणच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं आता एकमेकांकडे जेवायला जातात. उरणला टायपिंगवाले नव्हते का? होते. पण तिथे ती बसलेली दिसली असती तर संध्याकाळच्या आत गावात कळलं असतं, म्हणून एस.टी.ने पनवेलला आली.

तिचं म्हणणं असं. तिच्या घरामागून किनाऱ्याकडे जायची वाट शेजाऱ्याने भिंत घालून अडवली. गावकी, म्हणजे गावचे पंच, यांनी शेजाऱ्याच्या बाजूने निवाडा दिला. ही ऐकेना, कोर्टात गेली. गावकीला सोडून कोर्टात गेली, हा तिचा गुन्हा. दावा मागे घे आणि बैठकीत सगळ्यांच्या पाया पड, नाहीतर तुझ्याशी गावाचा संबंध नाही. तिने पाया पडायचं नाकारलं. तेव्हापासून तिला वाळीत टाकलेलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, दुकानात गेली तर दुकानदार पाठ फिरवतो, नवऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून कुणी येत नाही. असं वाळीत टाकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, त्याचा वेगळा कायदा झालाय. हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

पण तिला सगळ्यांत झोंबलं होतं ते वेगळंच. होड्या लागल्या की जेटीवर मासळीच्या पाट्यांचा लिलाव होतो. बायका भोवती उभ्या राहून बोली बोलतात. ती म्हणाली, “मी बोली बोलते नि पुकारनारा आयकलंच नाय असं करतो. माज्यापेक्षा खालची बोली बोलनारीला पाटी जाते. बाय, मना दुसरं काय नको. मना बोलीला उबं राव दे.”

हे तिने मला दोनदा सांगितलं. आणि मी ते घातलं नाही.

बाहेर अॅडमिशनच्या पोरांची रांग लागली होती, प्रत्येकाला प्रतिज्ञापत्र हवं, प्रत्येकाची आई घड्याळ बघतेय. मी ‘अन्याय’ उघडली. नाव बदललं, गाव बदललं, सोसायटीच्या जागी गावकी घातली. तक्रारअर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र, पाच मिनिटांत बाहेर. जयवंतीबायने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

“काय काय घातलंस?” तिने विचारलं.

“सगळं घातलंय मावशी,” मी म्हटलं. “इथे अंगठा.”

तिने अंगठा दिला. वरची ओळ छापलेलीच होती. वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.

तीन आठवड्यांनी ती परत आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. स्टुलावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि हळू विचारलं, “बाय, त्यात पान्याचं काय लिवलंवतंस?”

मी प्रत काढली. दुसरा परिच्छेद, तिसरी ओळ. ‘तसेच आमचा पाणीपुरवठा जाणीवपूर्वक खंडित करण्यात आला आहे.’

सोसायटीचं पाणी. मी काढायचं विसरले होते.

पोलीस गावात चौकशीला गेले तेव्हा पंचांनी अर्ज मागून वाचला आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. जयवंतीबाय गावच्या नळावर हंडा भरतेय. तिला ठाण्यात बोलावलं. साहेबांनी विचारलं, पाणी येतं का. ती म्हणाली, येतं. मग बंद आहे असं का लिहिलं? ती म्हणाली, मी तसं सांगितलं नाही. मग हा अंगठा कुणाचा? आणि साहेबांनी ती शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. माझी ओळ, पहिल्यांदा कुणीतरी तिला वाचून दाखवली ती त्या ठाण्यात.

‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही’ असा शेरा मारून अर्ज बंद झाला. गावात आता ती नुसती वाळीत टाकलेली नव्हती, खोटारडी होती. जे चार लोक चोरून बोलायचे त्यांनीही बोलणं सोडलं. नवरा म्हणायला लागला की जाऊ दे, पाया पडून टाक. बैठकीचा दिवसही गावकीने कळवला होता, येत्या पौर्णिमेला.

मी तिला पाटणकर वकिलांकडे नेलं. त्यांचं टेबल आमच्या शेडला लागूनच, अर्धं आयुष्य माझ्याकडून टाइप करून घेतलेले. त्यांनी कागद वाचले, चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, ठाण्याच्या वरच्या साहेबांना अर्ज देऊन पोच घेऊ आणि मॅजिस्ट्रेटकडे जाऊ, अजून दार बंद झालेलं नाही. पण हा पहिला कागद आता वरपर्यंत हिच्या मागे येणार. समोरचा वकील उठून एवढंच म्हणेल, जी बाई शपथेवर पाण्याबद्दल खोटं बोलली ती लिलावाबद्दल खरं कशावरून?

“टायपिंगची चूक झाली असं लिहा ना,” मी म्हटलं.

“लिहितो. सगळेच लिहितात. पक्षकार म्हणतो टायपिस्टची चूक. टायपिस्ट कधी येऊन म्हणालाय का?”

ते टोमणा मारत नव्हते, कामाचं बोलत होते. मी बाहेर आले, चहा सांगितला, तो तसाच ठेवला. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार जयवंतीबायचा नव्हता. माझा होता. या शेडमध्ये एकटी बाई म्हणून मी नाव कमावलं होतं, ‘बाईंचा कागद परत येत नाही’ असं नाव. पुन्हा आत गेले आणि म्हटलं, “मी म्हणते. माझं प्रतिज्ञापत्र जोडा.”

पाटणकरांनी चष्मा खाली घेतला. “बाई, वाचून न दाखवता अंगठा घेतला असं लिहावं लागेल. उद्यापासून कोण येईल तुमच्याकडे?”

“कोण येईल ते येईल.”

“आणि मलाही तुमच्याकडे काम देताना विचार करावा लागेल,” ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. “म्हणजे असं लोक म्हणतील.”

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर चालूच केला नाही. जुन्या यंत्रावरचं कापड काढलं, नवीन रिबीन घातली. त्याच्यात आयतं काही नसतं, एवढ्यासाठीच. जयवंतीबायला समोर बसवलं आणि म्हटलं, आजोबांपासून सांग.

तारखा हव्या होत्या. तिच्याकडे तारखा नव्हत्या, भरती-ओहोटी होती, मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीचा भांग. “अष्टमीच्या भांगाला, पानी कमी व्हतं, दोनच होड्या आल्यावत्या.” “अवसेचं उधान, त्याच्या दुसऱ्या दिवशी.” मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. तिथी बघायची, तारीख लावायची. अशा पाच तारखा निघाल्या. प्रत्येक तारखेला कोणाची होडी, कसली मासळी, ती काय बोलली, पाटी कुणाला गेली. तिला एकूण एक पाठ होतं. एवढं सगळं ती पहिल्याच दिवशी घेऊन आली होती आणि मी तिला पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं.

मग वाचून दाखवायला लागले. बोटं सवयीने चालतात, मी एका ठिकाणी ‘शिवीगाळ केली’ असं घालून गेले होते.

“ते काढ,” ती म्हणाली. “शिवी कुनी नाय दिली.”

“अगं, घालतात तसं. वजन येतं.”

“शिवी दिली असती तर बोलल्यावानी तरी झालं असतं. नाय दिली. काढ.”

ते पान मी पुन्हा टाइप केलं. राष्ट्रपतीवाल्या आजोबांची आठवण झाली.

मग माझं. दुसऱ्यांची शपथ हजारांनी टाइप केलेली, स्वतःची पहिलीच. ‘मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...’ इथपर्यंत बोटं धावली आणि मग थांबली. पुढचं कुठल्याच फायलीत नव्हतं. अर्ध्या पानाचा मजकूर, त्याला मला दुपार लागली. पाण्याची ओळ माझी आहे. ती दुसऱ्या कागदातली आहे. अर्जदाराने ती सांगितली नव्हती. अंगठा घेण्याआधी मी तिला मजकूर वाचून दाखवला नाही.

सही करायला पेन उघडलं तर जयवंतीबायने कागदावर हात ठेवला.

“आता तुजा वाच.”

“माझा मला ठाऊक आहे गं, मीच लिहिलाय.”

“मना वाच.”

शेडमध्ये बाकीचे होते. प्रिंटर थांबले होते, किंवा मला तसं वाटलं. मी वाचला. ती ऐकून म्हणाली, “बरोबर हाय. कर सही.”

पौर्णिमेच्या बैठकीला जयवंतीबाय गेली नाही. त्याऐवजी आम्ही दोघी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात बाकावर बसलो होतो. माझा कागद वाचताना मॅजिस्ट्रेटनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या तारखेला पोलिसांना हुकूम झाला, गुन्हा नोंदवून तपास करा. पाच तारखांनी काम केलं. लिलाव पुकारणाऱ्याच्या वहीत त्या पाचही दिवशी पाट्या कुणाला गेल्या ते लिहिलेलं होतं, आणि जबाब द्यायची वेळ आली तेव्हा दोन बायका म्हणाल्या, हो, हिची बोली वरची होती. मलाही ठाण्यात जबाबाला बोलावलं. जयवंतीबायला ती ओळ वाचून दाखवणारे तेच साहेब होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, सगळं लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. मी म्हटलं, वाचून दाखवा. ते हसले, पण त्यांनी दाखवला.

खटला उभा राहतोय म्हटल्यावर गावकी नरमली. या गुन्ह्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्याची तयारी असेल तर कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. पाटणकरांनी विचारलं, तुझी काय अट? ती म्हणाली, कुणी माझ्या पाया पडायचं नाही. बहिष्कार उठला हे जेटीवर सांगायचं, होड्या लागायच्या वेळी, सगळ्या बायका असताना. तसंच ठरलं, कोर्टात लिहून दिलं. ते मीच टाइप केलं. वाटेचा दावा मात्र अजून चालू आहे, तो आमच्या पुढच्या पिढीलाही पुरेल.

माझं काय झालं विचाराल, तर शेडमध्ये काही महिने मला शपथवाली बाई म्हणून चिडवत होते. दोन वकिलांनी काम बंद केलं, त्यातला एक परत आला. धंदा काही बुडाला नाही. राहिलं ते वेगळंच. जयवंतीबाय परत आली म्हणून तिच्या कागदातली माझी चूक कळली. कॉम्प्युटर आल्यापासून मी किती जणांना म्हटलं असेल, “सगळं घातलंय, इथे अंगठा”? ते परत आले नाहीत. त्यांच्या कागदात काय राहिलं आणि काय जास्तीचं गेलं, ते मला कधीच कळणार नाही. आता घरी बसून दुपारी हेच आठवतं. ‘अन्याय’ ती फाइल मी त्याच आठवड्यात पुसून टाकली, पण मजकूर मला पाठ आहे.

जेटीवर सांगायचं होतं त्या दिवशी तिने मला बोलावलं. गेले. पंचांपैकी एकाने खाली मान घालून दोन वाक्यं म्हटली, कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. होडी लागली, पाट्या उतरल्या. पुकारणाऱ्याने बोंबलाच्या पाटीला हात लावला आणि जयवंतीबायने बोली केली. पुकारणाऱ्याने ती मोठ्याने पुन्हा म्हटली.

तेवढ्यात पलीकडून एका जाडशा बाईने तिच्यावर बोली चढवली. हिने वाढवली. तिने पुन्हा चढवली. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत, कमरेवर हात ठेवून. शेवटी हिला परवडेना, पाटी त्या बाईला गेली. ती पाटी उचलून जाताना जयवंतीबायला म्हणाली, “एवडे दिवस घरी बसली नि बोली करायला विसरली काय गं?”

जयवंतीबायने तिला अशी एक शिवी हासडली की मी इथे लिहू शकत नाही. ती बाईही मागे वळून तशीच एक देऊन गेली. मग जयवंतीबाय माझ्याकडे वळली. तोंडभर हसत होती.

“बगितलंस?” म्हणाली. “शिवी दिली मना.”